दमदार गाडी: घ्यायला किती, पोसायला किती? देशोदेशींचा हिशेब

हिशेबनीस

मोठ्या इंजिनाच्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" सगळा खर्च पंपावरच होतो असं आपण धरून चालतो. निरनिराळ्या देशांतले कर आणि पेट्रोलचे भाव शेजारी शेजारी मांडले, तर बऱ्याच ठिकाणी पंपावरचं बिल हा त्यातला किरकोळ भाग निघतो. त्यासाठी हा धागा काढतोय. बाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या देशाचे आकडे टाकावेत.

तुलनेला एक नमुन्याची गाडी धरू. पाच लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) पेट्रोल इंजिन, ५०० अश्वशक्ती म्हणजे ३६८ किलोवॉट, कागदावरचं कार्बन उत्सर्जन किलोमीटरला २८० ग्रॅम. वर्षाला १०,००० किलोमीटर चालते आणि प्रत्यक्षात शंभर किलोमीटरला १५ लिटर पिते. म्हणजे वर्षाला १,५०० लिटर पेट्रोल.

कुवेतमध्ये ९५ ऑक्टेन पेट्रोल १०५ फिल्स (दिनारचा हजारावा भाग म्हणजे एक फिल्स) लिटर आहे. वर्षाचं बिल १५७ दिनार, आपले पंचेचाळीस हजारांच्या आसपास. हाँगकाँगमध्ये पेट्रोल जगातल्या सर्वांत महागांपैकी; नुसती सरकारी ड्युटीच लिटरला ६.०६ हाँगकाँग डॉलर. तिथे हेच बिल चार लाख रुपयांच्या वर जातं. नऊ-दहा पटींचा फरक, आणि तो मोठाच आहे.

पण गाडी घेतानाचा फरक बघा. स्ट्रासबुर्ग फ्रान्समध्ये, समोरचं केल जर्मनीत, मध्ये फक्त ऱ्हाइन नदी. फ्रान्समध्ये २००८ पासून गाडीच्या पहिल्या नोंदणीवर कार्बनच्या ग्रॅमनुसार 'मालुस' लागतो. त्याची कमाल रक्कम २०२३ मध्ये ५०,००० युरो होती, २०२४ मध्ये ६०,००० झाली आणि २०२५ मध्ये ७०,०००. त्या वर्षी कमाल गाठायला किलोमीटरला १९३ ग्रॅम पुरत होते, आपली गाडी तर २८० वर आहे. फोर्ड मस्टँगच्या व्ही-८ला हा दंड गाडीच्या किमतीच्या बरोबरीने बसतो. नदी ओलांडून केलला आलात तर १९ टक्के व्हॅट सोडून नोंदणीवर असा कुठलाही कर नाही. वर्षाचा वाहनकर आहे: दर १०० सीसीला २ युरो, म्हणजे १०० युरो, आणि ९५ ग्रॅमच्या पुढच्या कार्बनवर चढत्या दराने ६००. एकूण ७००. २०२५ च्या दराने नदीच्या एका काठावर पहिल्याच दिवशी ७०,०००, दुसऱ्या काठावर वर्षाला ७००. शंभर वर्षं फिटणार नाही असा हा फरक आहे.

माझं मत आत्ताच सांगून टाकतो. कर पेट्रोलवर असावा, गाडीवर नसावा. जो व्ही-८ फक्त रविवारी बाहेर काढतो आणि वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवतो, त्याच्यापेक्षा रोज शंभर किलोमीटर डिझेल हाकणारा जास्त धूर सोडतो. जितकं जाळाल तितकं भरा, यात कुणावर अन्याय होत नाही.

दक्षिणवारा

सिंगापूरचं मी सांगते. इथे गाडीच्या आधी गाडी बाळगायचा परवाना विकत घ्यावा लागतो. त्याला सीओई म्हणतात. १९९० पासून चालू आहे, महिन्यातून दोनदा लिलाव होतो आणि मुदत दहा वर्षं. पेट्रोल गाडी १६०० सीसीच्या किंवा ९७ किलोवॉटच्या वर गेली की 'ब' गटात जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या गटातला नुसता परवाना दीड लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता. दीड लाखांत हातात काय येतं, तर एक नोंद. गाडी अजून यायचीच आहे.

आता गाडी. समजा बंदरात तिची किंमत ८०,००० डॉलर धरली गेली. त्यावर २० टक्के अबकारी, मग ९ टक्के जीएसटी, आणि मुख्य म्हणजे एआरएफ हा नोंदणी अधिभार. पहिल्या २०,००० वर १०० टक्के, पुढच्या २०,००० वर १४०, त्यापुढच्या २०,००० वर १९०, नंतरच्या २०,००० वर २५०, आणि ८०,००० च्या पुढे प्रत्येक डॉलरवर ३२० टक्के. आपल्या गाडीचा एआरएफ झाला १,३६,०००. परवाना सव्वा लाखाच्या आत-बाहेर धरला तर विक्रेत्याचा नफा धरायच्या आधीच ८०,००० ची गाडी साडेतीन लाखांच्या पुढे जाते.

आणि दहा वर्षं झाली की परवाना संपला. नवा परवाना चालू भावाने घ्या, नाहीतर गाडी नोंदणीतून काढा. त्यातला काही कर परत मिळतो, पण उत्तम चालणारी गाडी भंगारात किंवा परदेशी जाते. मला ते बघवत नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर मलेशियाचं जोहोर बाहरू पुलापलीकडे आहे आणि तिथे भाव निम्म्याहून कमी. पण सरकारला हे कधीच कळलं होतं. सिंगापूरची गाडी सीमेबाहेर जाताना टाकी किमान पाऊण भरलेली असावी लागते. वुडलँड्सच्या नाक्यावर अधिकारी खिडकीशी वाकून इंधनाचा काटा बघतो. काटा पाऊणच्या खाली असेल तर ५०० डॉलरपर्यंत दंड, आणि गाडी वळवून परत पाठवतात. त्यामुळे स्वस्त पेट्रोलचा फायदा फार तर पाव टाकीचा. पलीकडे गेल्यावर अजून एक गोष्ट आहे: मलेशियाचं पिवळ्या नळीचं ९५ ऑक्टेन सबसिडीचं असतं, ते परदेशी नंबरच्या गाडीत भरायला मनाई आहे. ९७ च घ्यावं लागतं. अर्थात दमदार गाड्यांना तेच लागतं, म्हणून त्यांच्या मालकांची त्याबद्दल तक्रार नसते.

रानफूल

बाप रे. मग तिथे व्ही-८ घेतं तरी कोण?

दक्षिणवारा

रानफूल, घेणारे आहेत, आणि रस्त्यावर भरपूर दिसतात. ज्यांना साडेतीन लाख आणि साडेचार लाख यात फरक पडत नाही ते घेतात. मार बसतो तो मधल्या माणसाला, ज्याला साधी फॅमिली गाडी हवी असते.

हिशेबनीस, तुमचं पेट्रोलवरच्या कराचं गणित या बेटावर मात्र लागू होत नाही. इथे सुमारे १२ टक्के जमीन रस्त्यांखाली गेली आहे. रविवारीच निघणारी गाडी उरलेले सहा दिवस जागा अडवून उभी असते, आणि तेव्हा ती एक थेंबही पेट्रोल जाळत नाही. जागेचं भाडं पेट्रोलवरून वसूल कसं करणार?

हिशेबनीस

दक्षिणवारा, जागेचा मुद्दा रास्त आहे. पण जागा व्ही-८ जितकी अडवते तितकीच १००० सीसीची गाडीही अडवते. जागेसाठी परवाना समजू शकतो. त्यावर ३२० टक्के कशासाठी, ते मला कळत नाही.

दक्षिणवारा

ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून जास्त घ्यायचं म्हणून. तो सरळ श्रीमंतीवरचा कर आहे आणि सरकारही तसंच सांगतं. मला त्यात गैर वाटत नाही.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत व्ही-८ चालवतो, म्हणून पंपाकडची बाजू मांडतो.

इथे पेट्रोलवर ऊर्जाकर लिटरला ६५.४५ सेंट. त्याशिवाय कार्बनची किंमत, ती साधारण १५ सेंट, आणि सगळ्यावर १९ टक्के व्हॅट. हिशेबनीसांच्या गाडीचा वर्षाचा वाहनकर ७०० युरो असला तरी १,५०० लिटरवर नुसता ऊर्जाकरच ९८० युरोच्या वर भरला जातो. म्हणजे जर्मनी बऱ्याच अंशी तुमच्याच मताने चालते: बाळगायला स्वस्त, जाळायला महाग.

"शंभरला १५ लिटर" याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोकांना वाटतं ५०० घोडे म्हणजे पाचशे तोंडं. तसं नाही. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने जायला सेडानला वीस-पंचवीस अश्वशक्ती पुरतात. उरलेले घोडे नुसते सोबत असतात. ऑटोबानवर १३० ला क्रूझ लावला की माझा मीटर १० ते ११ दाखवतो. नंतर वेगमर्यादा उठल्याची तिरप्या काळ्या रेघांची पाटी येते. पाय दाबला, काटा २२० वर गेला की तोच आकडा वीसच्या पुढे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने, म्हणून वेग दुप्पट झाला की नुसती हवा कापायला आठपट शक्ती लागते. टाकी रिकामी होताना डोळ्यांना दिसते. २२० ने गेल्यावर घरी पोचायला वाचतात दहा मिनिटं, आणि पुढच्या पंपावर थांबण्यात ती जातात.

दुसरं टोक म्हणजे शहर. सिग्नलला उभं असलेलं मोठं व्ही-८ तासाला दीड-दोन लिटर नुसतं उभ्या उभ्या पितं. म्हणून ज्याची गाडी रोज गर्दीत अडकते त्याने माझ्या १०-११ च्या आकड्यावर विसंबू नये. त्याचं १८-२० होईल.

आणि खरा खर्च कुठे होतो ते सांगू? विमा आणि टायर. इथे प्रत्येक मॉडेलला विम्याचा वर्ग असतो. ५०० अश्वशक्तीच्या गाडीचा फुल कॅस्को विमा कित्येकांना वर्षाच्या पेट्रोलइतका पडतो. मागची रुंद टायरं जोरात चालवणाऱ्याला तीन मोसम पुरत नाहीत, वर हिवाळ्याचा संच वेगळा.

घाटवळण

माहितीपूर्ण धागा. एक प्रश्न आहे. काही देश सीसीवर कर लावतात, काही किलोवॉटवर, काही कार्बनवर. हे वेगवेगळं का? आणि गाडी बनवणारे त्यातून पळवाट काढत नाहीत का?

हिशेबनीस

घाटवळण, या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग तुम्ही विचारलात. पळवाट काढतात, आणि त्या पळवाटेतून अख्खी इंजिनं जन्माला येतात.

इटलीत एकेकाळी दोन लिटरवरच्या पेट्रोल गाडीवर व्हॅट ३८ टक्के होता, खालच्या गाड्यांना त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा फेरारीने काय करावं? आपलं तीन लिटरचं व्ही-८ घेतलं, सिलिंडर बारीक केले आणि १,९९१ सीसीचं व्ही-८ बनवलं. एका सिलिंडरमध्ये जेमतेम २५० सीसी, म्हणजे मध्यम मोटरसायकलचं इंजिन आठदा. १९८० च्या २०८ जीटीबीला १५५ अश्वशक्ती होती, फेरारीचं नाव लावायला लाजिरवाणी. म्हणून १९८२ मध्ये टर्बो जोडला आणि आकडा २२० वर नेला. कराने मारलेलं इंजिन टर्बोने जिवंत केलं. फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत टर्बो आला तो असा, करवाल्यांमुळे.

आज इटलीने मोजायचं मापच बदललं आहे. तिथे 'सुपरबोल्लो' आहे. २०११ मध्ये आला, २०१२ पासून १८५ किलोवॉटच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटला वर्षाला २० युरो. आपल्या ३६८ किलोवॉटच्या गाडीला १८३ गुणिले २०, म्हणजे ३,६६० युरो, दरवर्षी, नेहमीच्या वाहनकराशिवाय. गाडी पाच वर्षांची झाली की ६० टक्के, दहा वर्षांनी ३०, पंधरा वर्षांनी १५ आणि वीस वर्षांनी शून्य. त्यामुळे तिथे १८० ते १८५ किलोवॉटमध्ये थांबणाऱ्या गाड्यांना मागणी आली आणि जुन्या दमदार गाड्या परवडू लागल्या. बरेच इटालियन जर्मन नंबरच्या भाड्याच्या गाड्या वापरू लागले, त्याला शेवटी २०१८ मध्ये कायदा करून लगाम घालावा लागला.

चीनमध्ये सीसीनुसार उपभोग कर आहे, दर २००८ मध्ये ठरलेले. दीड ते दोन लिटरला ५ टक्के, अडीच ते तीनला १२, तीन ते चारला एकदम २५, आणि चारच्या वर ४०. तीन लिटरची रेघ ओलांडली की कर दुप्पट. म्हणून जर्मन कंपन्यांनी तिथे बाकी जगापेक्षा लहान इंजिनं बसवून त्याच गाड्या विकल्या.

जपानमध्ये ६६० सीसीची केई गाडी घेतली तर वर्षाचा कर १०,८०० येन, सहा लिटरच्या वर गेलात तर १,१०,०००. तुर्कस्तानात २०२० मध्ये दोन लिटरच्या वरच्या गाड्यांचा विशेष उपभोग कर १६० वरून २२० टक्क्यांवर नेला, व्हॅट त्याच्यावर वेगळा. आणि आपल्याकडे चार मीटरच्या आतली लांबी, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसी या रेघांवर अख्खा बाजार उभा आहे. बूट कापलेल्या सेडान उगाच आल्या नाहीत.

सीसीचं माप मला आता कालबाह्य वाटतं. मर्सिडीज-एएमजीने दोन लिटरच्या चार सिलिंडरातून ४२१ अश्वशक्ती काढली. सीसीवर कर लावणाऱ्या देशात ही गाडी जुन्या १५० अश्वशक्तीच्या सेडानच्या रांगेत बसते. घेणाऱ्याचं भलं होतं, पण कर ज्या हेतूने लावला तो हेतू राहत नाही.

मिसिसिपीकाठी

अमेरिकेतून नमस्कार मंडळी. इथे चित्र उलटं आहे.

मस्टँग जीटी, पाच लिटर व्ही-८, ४८० अश्वशक्ती, नवी कोरी ४५,००० डॉलरच्या आसपास मिळते. इतक्या कमी पैशांत इतकी ताकद दुसऱ्या कुठल्या देशात शोरूममध्ये मिळत असेल असं मला वाटत नाही. राज्याचा विक्रीकर आणि नोंदणी फी, बस.

पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट, १९९३ पासून वाढलेला नाही. हिशेबनीसांचे १,५०० लिटर म्हणजे ३९६ गॅलन. वर्षाचा केंद्रीय कर झाला ७३ डॉलर. ऱ्हाइनकाठ ९८० युरो भरतात, मी ७३ डॉलर! राज्यांचे कर वेगळे, तरी प्रीमियम पेट्रोल गॅलनला चार डॉलर धरलं तर वर्षाचं सगळं बिल सोळाशेच्या आत.

दमदार गाड्यांसाठी एक खास कर आहे, गॅस गझलर टॅक्स, १९७८ च्या कायद्यातून आलेला. गॅलनला २२.५ मैलांच्या खाली जाणाऱ्या गाडीवर १,००० पासून ७,७०० डॉलरपर्यंत, एकदाच. पण तो फक्त कारवर. पिकअप, एसयूव्ही आणि मिनीव्हॅन यांना लागत नाही, कारण त्या काळी ही वाहनं कामधंद्याची समजली जायची. आता बहुतेक घरांसमोर तीच उभी असतात. दोन माणसांच्या हलक्या स्पोर्ट्स कारला दंड, आणि अडीच टनांच्या सहा लिटर एसयूव्हीला माफी. या कायद्याचा मला मनापासून राग येतो. हलक्या, सुबक गाड्या इथून नाहीशा होत गेल्या त्यात याचाही हात आहे.

इथे येणाऱ्यांना एक सूचना: पंपावरच्या ऑक्टेनच्या आकड्याने गोंधळू नका. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, युरोपात आणि भारतात एकाच चाचणीचा आकडा लिहितात. इथलं ९१ हे तिकडच्या ९५-९६ च्या जवळ येतं. गाडीच्या पुस्तकात ९५ लिहिलंय आणि पंपावर मिळतच नाही म्हणून घाबरू नका.

आणि पंचविशीच्या आतल्या मुलाच्या नावावर व्ही-८ घेणार असाल तर आधी विम्याचा कोट मागवा. गाडीचा हप्ता बरा, असं वाटेल.

उत्तरेची

मी काही वर्षं डेन्मार्कमध्ये होते, आता नॉर्वेत आहे. हिशेबनीसांशी माझं पटत नाही, म्हणून लिहिते.

डेन्मार्कचं आधी. २५ टक्के व्हॅट, मग त्या व्हॅटसकट किमतीवर नोंदणी कर, २०२१ च्या टप्प्यांप्रमाणे: सुरुवातीच्या सुमारे ६५ हजार क्रोनरवर २५ टक्के, सुमारे दोन लाखांपर्यंत ८५, आणि त्यापुढे १५० टक्के. म्हणजे करांआधी ४.८ लाख क्रोनरची गाडी रस्त्यावर येईपर्यंत तेरा लाखांच्या पुढे जाते. हे दर उतरलेले आहेत. २०१५ पर्यंत वरचा टप्पा १८० टक्क्यांचा होता.

नॉर्वेत पेट्रोल गाडीला वजन, कार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांवर एकरकमी कर. देश तेल विकून श्रीमंत झाला, पण पंपावर सवलत नाही. पेट्रोल युरोपातल्या महागांपैकी. इलेक्ट्रिक गाडीला मात्र वर्षानुवर्षं ना हा कर, ना २५ टक्के व्हॅट. २०२३ मध्ये थोडं घट्ट केलं: तेव्हा पाच लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर व्हॅट आला आणि सगळ्यांना वजनाचा कर. तरी २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या.

हे पेट्रोल महाग करून झालं असतं का? पेट्रोल इथे आधीपासूनच महाग होतं. लोक गाडी घेतात तेव्हा पुढच्या दहा वर्षांच्या पेट्रोलची बेरीज करत बसत नाहीत. समोरच्या कागदावर काय लिहिलंय ते बघतात. शोरूममधल्या दोन गाड्यांच्या पाट्यांत मोठा फरक दिसला तेव्हा माणसं वळली. कर जिथे डोळ्यांना दिसतो तिथेच त्याने काम केलं.

आणि तुमच्या पाच लिटरच्या गाडीचं आणखी एक. टेस्ला मॉडेल एस प्लेडला हजारावर अश्वशक्ती आहे. चीनमध्ये शाओमीची एसयू७ अल्ट्रा १,५४८ अश्वशक्तीची, किंमत ५,२९,९०० युआन, आणि तो सीसीवरचा ४० टक्के कर तिला लागतच नाही, कारण सीसीच नाहीत. रोजच्या चालवण्यात अशा गाडीला शंभर किलोमीटरला २०-२२ युनिट वीज लागते. ताकद म्हणजे खर्च, हे समीकरणच मोडलं.

हिशेबनीस

उत्तरेची, प्रतिसाद फार आवडला. नव्या गाड्यांचा ताफा वळवायचा असेल तर शोरूममधला कर जास्त परिणाम करतो, हे नॉर्वेकडे बघून मान्यच करावं लागतं. माझा आक्षेप उरतो तो वापरातल्या जुन्या गाडीबद्दल. वीस वर्षांची व्ही-८ जपून ठेवणारा माणूस नवीन काही बनवायला लावत नाही, थोडं चालवतो, आणि चालवतो तेवढ्याचा कर पंपावर भरतो. त्याला वर्षाला ३,६६० युरो मागणं मला पटत नाही. इटलीने वयानुसार दर उतरवून शून्यावर आणले, ते म्हणूनच बरं वाटतं.

इलेक्ट्रिकची ताकद मान्य. पण देश हळूहळू वजनाकडे वळताहेत, फ्रान्समध्येही मालुसचा एक भाग वजनावर आहे. एक हजार अश्वशक्तीची बॅटरीवाली गाडी दोन टनांच्या वर जाते. पुढचा कर तिथेच येणार.

वाळूतली वाट

दुबईचं थोडक्यात. ५ टक्के सीमाशुल्क, ५ टक्के व्हॅट, झालं. सीसी, किलोवॉट, कार्बन कशाशी देणंघेणं नाही. पेट्रोलची सबसिडी ऑगस्ट २०१५ पासून काढली, दर महिन्याला नवा भाव जाहीर होतो. तरीही २०२५ मध्ये लिटर अडीच-तीन दिरहमच्या दरम्यान होतं, म्हणजे तुमच्या गाडीचं वर्षाचं चार हजार दिरहमच्या आसपास. लोक नोकरी संपली की देश सोडतात आणि गाडी घाईत विकतात, म्हणून तीन-चार वर्षांच्या व्ही-८ विलक्षण स्वस्त मिळतात. घेताना आखाती देशांसाठी बनवलेलीच घ्या. तिचं कूलिंग आणि एसी इथल्या उन्हाचा विचार करून दिलेलं असतं. अमेरिकेतून अपघातात सापडलेल्या गाड्या दुरुस्त करून इथे येतात, त्या स्वस्त दिसतात पण उन्हाळ्यात रडवतात.

आता माझा प्रश्न. पुढच्या वर्षी कायमचा भारतात परततोय. माझ्याकडे अशीच एक व्ही-८ आहे, अडीच वर्षांची, जिवापाड जपलेली. बरोबर नेता येईल का? की तिथे जाऊन नवी घ्यावी?

टाकीफुल

वाळूतली वाट, नव्याचा हिशेब आधी देतो. पूर्ण बनून आलेली, ४०,००० डॉलरच्या वरची किंवा तीन लिटरच्या वरच्या पेट्रोल इंजिनाची गाडी असेल तर एकूण सीमाशुल्क ११० टक्के. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १०० वरून ७० केलं, पण ४० टक्के कृषी अधिभार लावला, त्यामुळे एकूण भार उतरला नाही. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के. बंदरात ५० लाखांची गाडी: शुल्क ५५ लाख, झाले १०५. जीएसटी ४२ लाख, झाले १४७ लाख. मग राज्याचा रोड टॅक्स. महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादाच २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख केली आहे. विक्रेत्याचा नफा आणि विमा यात धरलेला नाही.

या धाग्याच्या विषयाशी जोडून सांगायचं तर नुसतं शुल्क आणि जीएसटी धरलं तरी ९७ लाख कर झाला. मुंबईच्या भावाने हिशेबनीसांचे १,५०० लिटर दीड लाखाच्या थोडे वर पडतात. म्हणजे करात साठ वर्षांचं पेट्रोल जातं.

ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला आहे, त्यात ठरावीक संख्येपर्यंतच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. ब्रिटिश गाडीवर मन असेल तर थोडं थांबणं फायद्याचं ठरू शकतं.

आता तुमची गाडी. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, ती अट तुम्ही आत्ता पाळता, पुढच्या वर्षी पाळणार नाही. आणि दुसरी अट त्याहून अवघड: स्टिअरिंग उजवीकडे हवं. तुमचं डावीकडे असणार. त्यामुळे ती तिथेच विका, आणि निघायच्या आठवड्यात नको. चार-सहा महिने आधी जाहिरात टाका, उन्हाळा उतरल्यावर. घाईत विकणाऱ्यांचे भाव काय होतात ते तुम्हीच वर लिहिलंय.

वाळूतली वाट

मनापासून धन्यवाद, टाकीफुल. उजवीकडच्या स्टिअरिंगची अट माहीत नव्हती. ऑक्टोबरमध्ये जाहिरात टाकतो. सर्व्हिसचे सगळे कागद एका फाईलला लावून ठेवले आहेत, घेणाऱ्याला तीही देईन.